मोडक्या कानाचा पाहुणा

कोल्हापुरात मोडका कान म्हणजे पैलवान, त्याला दुसरा पुरावा लागत नाही. आमच्या कुस्ती मैदानात असा कान दिसला की संयोजक त्या माणसाला मंचावर नेऊन फेटा बांधतात.

यंदा माझ्या शेजारी असाच एकजण बसला होता. रुंद मान, दोन्ही कान मोडलेले. पाण्याची बाटली कुणी हिसकावून नेईल अशी पोटाशी आवळलेली. एक मल्ल चितपट झाला तेव्हा त्यानं मला विचारलं, "संपलं? उठून परत न्हाय खेळायचं?" मला संशय आला.

तेवढ्यात त्याला मंचावर नेलं. आता हा फुकटचा फेटा घेणार, असं मी धरून चाललो.

"पैलवान, तालीम कुठली?" फेटा बांधता बांधता संयोजकानं विचारलं.

"मी पैलवान न्हाय. रग्बी खेळायचो, बॉल पोटाशी धरून धडका घेत पळायचं; त्यात कान मोडलं. देशातल्या रग्बीच्या पहिल्या लीगमधी, पगारावर."

"पावणं, त्येचा पगार कोण देतंय?" खालून कुणीतरी ओरडलं. मैदान हसलं.

त्यानं अर्धवट बांधलेला फेटा उतरवला, नीट गुंडाळून परत दिला आणि जागेवर येऊन बसला. "आमच्यात पाडलं की उठायचं असतंय," एवढंच म्हणाला.

मंचावरचे बाकीचे फेटेवाले आपापल्या जुन्या कुस्त्या सांगत होते. मी त्यांचे कान निरखले. सगळे धड होते.