डेप्युटीच्या पिवळ्या पॅडवरचं मराठी

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जे पुन्हा करून दाखवता येत नाही, ते माझ्या लेखी घडलेलंच नसतं... गेट-टुगेदरमध्ये भुताखेताचे किस्से निघाले की मी उठून चहा टाकायला जाते. म्हणूनच हे लिहायला मला दोन वर्षं लागली. आणि अजूनही लिहिताना थोडी लाज वाटतेय.

आम्ही अमेरिकेत प्लेनोला राहतो. मी आणि माझा नवरा निखिल. त्या वर्षी नागपूरहून माझे सासरे आले होते. त्यांना मी बाबाच म्हणते. रिटायर्ड शिक्षक, वय शहात्तर. सासूबाई त्याआधी चार वर्षं गेलेल्या. बाबा विसरायला लागले होते — आधी चष्मा, मग गोळ्या, मग कधीकधी आपण कुठे आहोत तेही. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस, पण वर्षभरात त्यांचं इंग्रजी जवळजवळ गळून पडलं होतं.

त्यांना समुद्र बघायचा होता. म्हणून ऑक्टोबरमध्ये आम्ही वॉशिंग्टन राज्यातल्या एका लहानशा बेटावर चार दिवसांसाठी कॉटेज घेतलं. बेटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक दुकान, एक पोस्ट, एक शाळा, दिवसाला तीन फेऱ्या करणारी एक फेरीबोट. हॉस्पिटल नाही. शेरीफचं, म्हणजे तिथल्या पोलिसांचं, मुख्य ऑफिस शेजारच्या मोठ्या बेटावर. इथे फायर स्टेशनला लागून त्यांची एक खोली आणि एक डेप्युटी.

दुसऱ्या दिवशी दुपारी निखिल दुकानात गेला होता. बाबा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले होते. मी सुट्टीवर होते, पण एक कॉल घ्यावाच लागला. मधेच बाबा दारात येऊन म्हणाले, "चल ना गं, जरा पाय मोकळे करून येऊ."

मी कॉल म्यूट केला. "बाबा, दहा मिनिटं हं. फक्त दहा."

कॉल चाळीस मिनिटं चालला. बाहेर आले तर खुर्ची रिकामी. आणि समोर धुकं... इतकं की कुंपणापलीकडचा रस्ता दिसत नव्हता.

मी हाका मारत खाली किनाऱ्यापर्यंत धावले. वर आले. पुन्हा खाली गेले. निखिल परतला तेव्हा मी त्याला कुंपणापाशीच गाठून सांगितलं. त्यानं इमर्जन्सीचा ९११ लावला, आणि दहा मिनिटांत डेप्युटी तिचा ट्रक घेऊन दारात हजर.

तिला मी इथे कॅरल म्हणते. पन्नाशीची बाई, रबरी बूट, कमरेला पिस्तूल, जॅकेटवर कुत्र्याचे केस. त्या बेटावर शेरीफचा माणूस म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. सुटलेली बोट बांधायची तिनं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी डोकवायचं तिनं, कोणाच्या घराची किल्ली कोणत्या कुंडीखाली असते तेही तिलाच माहीत. तिनं मोजून चार फोन केले. फेरीबोटीच्या धक्क्यावर — एकही गाडी बघितल्याशिवाय सोडायची नाही. मग पोस्टातल्या बाईंना, शाळेत आणि फायर स्टेशनला. अर्ध्या तासात तीसेक माणसं जमली. काहींच्या हातात तिनं एकमेकांशी बोलायचे रेडिओ दिले. एक आजोबा तर काठी टेकत आले होते.

"त्यांना हाक कशी मारायची?" कॅरलनं विचारलं.

"बाबा."

तिनं ते दोनदा म्हणून बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं. मग धुक्यात चहूबाजूंनी ते अनोळखी आवाज "बाबा! बाबा!" ओरडायला लागले. 

तीनच्या सुमारास त्यांचा मफलर सापडला. किनाऱ्यावर. पाण्यापासून चार पावलांवर.

भरती सुरू झाली होती. धुक्यामुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. मुख्य ऑफिसातून शेरीफची बोट निघाली, सगळी माणसं किनाऱ्याकडे वळवली गेली. निखिल कमरेइतक्या थंड पाण्यात उतरला, दोघांनी त्याला ओढून बाहेर काढलं. दात वाजत असताना तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "तू घरातच होतीस ना?"



कॅरलनं मला ऑफिसात नेलं. टेबलावर फॉर्म ठेवला — उंची, कपडे, औषधं. मला बाबांच्या स्वेटरचा रंग आठवेना. सकाळी मीच तो त्यांना घातला होता, आणि मला रंग आठवेना! मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नवस बोलत होते. मी — जी घरातल्या आरतीलाही फोन बघते.

कॅरल ट्रककडे गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पिवळं पॅड होतं.

"तुमच्यापैकी कुणाला आम्ही रेडिओ दिलाय का?"

"नाही."

"आत्ता रेडिओवर एक बाई बोलली. इंग्रजी नव्हतं. मी दोनदा रिपीट करायला सांगितलं, ती तेच तेच म्हणत राहिली. ऐकू आलं तसं लिहिलंय. याला काही अर्थ आहे?"

तिनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, अडखळत, मधे चुकीच्या जागी तोडून. मी मोठ्यानं वाचलं.

"टाकी जवल. पाय मुरगला. लव कर या."

टाकीजवळ. पाय मुरगळला. लवकर या.

मी ओरडलेच. "पाण्याची टाकी! इथे पाण्याची टाकी कुठे आहे?"

"टेकडीवर. पण ती मगाशीच बघून झाली—" ती थांबली. "एक जुनी आहे. लाकडी, पडकी. उत्तरेच्या बंद पडलेल्या सफरचंदाच्या बागेत. पण ती अगदी उलट्या दिशेला... दोन मैल."

"चला. प्लीज, चला."

तिनं एकही प्रश्न विचारला नाही. ट्रक तिनं रस्ता सोडून थेट झाडांमधून घातला.

बाबा टाकीच्या मागे होते. काटेरी झुडपात एका कुशीवर पडलेले, धुक्यानं कपडे ओलेचिंब, ओठ निळे. डावा घोटा सुजून टम्म झाला होता. मी "बाबा" म्हटलं तर डोळे हलले, आवाज फुटला नाही. कॅरलनं आपलं जॅकेट काढून त्यांच्याभोवती गुंडाळलं आणि त्यांना छातीशी धरून बसली, फायर स्टेशनची माणसं येईपर्यंत. साडेचार वाजले होते. त्यांच्यातला एकजण नंतर म्हणाला, अजून तासभर गेला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. शेरीफच्या बोटीतूनच त्यांना मोठ्या बेटावरच्या हॉस्पिटलात नेलं.

बाबा वाचले. त्या दुपारचं त्यांना काहीही आठवत नव्हतं.

दोन दिवसांनी कॅरल हॉस्पिटलात आली. खुर्ची ओढून बसली आणि सांगायला लागली. त्या दिवशी सहा रेडिओ दिले होते, सहाही तिच्या ओळखीच्या पुरुषांकडे. रेडिओवरचं सगळं बोलणं मुख्य ऑफिसात रेकॉर्ड होतं. तिनं ते मागवून ऐकलं होतं.

"माझा आवाज आहे," ती म्हणाली. "'पुन्हा सांगा' असं मी दोनदा म्हणतेय. पण तिचा आवाज नाही. मी बोलते, मग सगळं शांत. पुन्हा मी बोलते, पुन्हा शांत."

निखिल म्हणतो, खरखर असेल, तिला शब्दांसारखी वाटली, आणि तू तुला हवं ते वाचलंस. असेलही. पण खरखर 'मुरगळला' म्हणते? बेटावर दुसरं मराठी कुणी नव्हतं. भाड्यानं दिलेलं प्रत्येक घर कॅरलनं तपासलं होतं.

ज्यांना सांगितलं ते सगळे लगेच म्हणतात — सासूबाई असतील. मीही कॅरलला तेच विचारलं होतं. ती म्हणाली, आवाज अगदी तरुण मुलीचा होता, धापा टाकत बोलत होती, धावत आल्यासारखी. सासूबाईंचा आवाज त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटमध्येसुद्धा घोगरा आहे. त्या नव्हत्या. मग कोण होतं, मला माहीत नाही. मी खूप शोधलं, खूप विचार केला... काहीच हाती लागलं नाही.

कॅरलच्या रिपोर्टमध्ये 'व्यक्ती कशी सापडली' असा एक रकाना होता. तो तिनं तीन आठवडे कोरा ठेवला. शेवटी लिहिलं: रेडिओवरून माहिती मिळाली, देणारी व्यक्ती अज्ञात. खाली सही केली.

बाबा गेल्या उन्हाळ्यात नागपूरला वारले. घरात, झोपेत. मी कॅरलला कळवायला फोन केला. तिनं सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "एक गोष्ट माझ्या मनाला सतत खाते. ती मुलगी सांगत होती आणि मी नुसतं 'पुन्हा सांगा' म्हणत राहिले. तुमच्या भाषेत तिला काय उत्तर द्यायला हवं होतं?"

मी विचार केला. "'आले' म्हणायचं."

"आले," कॅरल म्हणाली. मग पुन्हा एकदा, हळू. "आले."

मला रडू आवरेना. फोन तसाच चालू होता. तिनं ठेवला नाही, मीही नाही.