बॉटनीला पंधरा मुलं

नीटचा निकाल लागला त्या दिवशी घरात कोणी माझ्याशी बोललं नाही. मार्क इतके कमी होते की रागावण्यातही अर्थ नव्हता. मला मात्र आतून सुटल्यासारखं वाटत होतं. डॉक्टर होणं हे माझं स्वप्न कधी नव्हतंच, ते काकांचं होतं. काकांचं चोपड्यात मेडिकल आहे. वडील गावात केळी लावतात आणि शेताबाहेरचं सगळं काकांना विचारून करतात.

अकरावी-बारावी मी धुळ्याला आत्याकडे राहून केली. तिथल्या कॉलेजात बॉटनीच्या मॅडमनी एकदा केळीच्या देठाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मी जन्मापासून केळीच्या बागेत वावरलेली, पण त्या देठात हवेच्या एवढ्या रिकाम्या खोल्या असतात हे मला सतराव्या वर्षी कळलं. मी डोळा काढेचना, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "बाकीच्यांनाही बघू दे."

निकालानंतर मी त्यांच्याकडेच गेले. त्यांनी एका जुन्या जर्नलचं कोरं पान फाडलं आणि माझी चार वर्षं त्यावर मांडली. मेजर बॉटनी, मायनर केमिस्ट्री. तिसऱ्या वर्षी सातपुड्यातल्या वनस्पतींवर छोटं काम, चौथ्या वर्षी संशोधनाचा प्रकल्प, पुढे एम.एस्सी. आपल्या आयुष्याबद्दल कोणी इतकं शांतपणे, मला विचारत विचारत बोलतंय, हे पहिल्यांदाच घडत होतं. मी ते पान घडी करून पाकिटात ठेवलं.

घरी सांगितलं तेव्हा काका फोनवर एवढंच म्हणाले, "ठीक आहे, तोवर बस तिथं." त्या 'तोवर'कडे मी लक्ष दिलं नाही.

अडचण वेगळीच निघाली. बॉटनी मेजरला किमान पंधरा मुलं झाली तरच तुकडी चालवायची, असं कॉलेजनं ठरवलं होतं. आम्ही नऊ होतो. मॅडमनी शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली आणि रोज प्रवेशाच्या खिडकीजवळ येऊन उभ्या राहू लागल्या. वीस वर्षं शिकवणारी बाई, भाजी विकायला बसावं तशी येणाऱ्याजाणाऱ्या मुलांना विचारत होती, "बारावी सायन्स का? बायोलॉजी होतं?" मला ते बघवेना. मीही त्यांच्या शेजारी उभी राहू लागले.

पाच जण मिळाले. पंधरावी सापडली ती पिंपळनेरच्या बाजूच्या एका पाड्यावरची मुलगी. वडिलांबरोबर फक्त एक दाखला न्यायला आली होती. तिला साक्रीकडे नर्सिंगला जागा मिळाली होती, तिथं हा दाखला द्यायचा होता. खिडकी उघडायची होती म्हणून ती कंपाउंडच्या भिंतीशी थांबली होती. भिंतीला लागून कुर्डूची रानभाजी माजली होती. तिनं सहज एक शेंडा खुडला आणि वडिलांना म्हणाली, "हाई आते खावाजोगी नई राहिनी." मॅडमनी विचारलं, "का गं?" तेव्हा तिनं मराठीत सांगितलं, की फुलावर आली की कुर्डू खात नाहीत, पहिल्या दोन पावसांत उगवलेली कोवळीच खुडायची. मग भिंतीलगतच्या आणखी पाच-सहा झाडांबद्दल ती असंच सांगत गेली. मॅडम शास्त्रीय नाव सांगायच्या आणि ती पाड्यावरचं नाव.

मॅडमनी तिला आग्रह केला नाही, हे मला इथं लिहिलं पाहिजे. त्या म्हणाल्या, "नर्सिंगची जागा हातात आहे, नीट विचार कर." आग्रह मी केला. मी तिला आणि तिच्या वडिलांना कँटीनपाशी नेलं, पाकिटातलं ते पान उलगडून दाखवलं. "नर्सिंग काय, कोणीही करतं," मी म्हटलं. "तुला जे येतं ते आमच्यापैकी एकालाही येत नाही. तू पुढे प्रोफेसर होशील." अठराव्या वर्षी मी दुसऱ्याच्या मुलीला प्रोफेसर करायला निघाले होते.

ती बराच वेळ पान बघत राहिली. तिच्या वडिलांनी मात्र एकच विचारलं, "तू बी शेस ना तिनासंगे?"

"हो बाबा. चारही वर्षं."

त्यांनी मान हलवली. शनिवारी दुपारी यादीत पंधरा नावं झाली. मॅडमनी आम्हाला प्रयोगशाळेत बसवून चहा पाजला.

पुढचे दोन महिने चांगले गेले. आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो. ती वर्गात फारशी बोलायची नाही, पण सहलीला लळिंगच्या डोंगरावर गेलो तेव्हा सगळी तुकडी तिच्या मागे होती.

पोळ्याला मी घरी गेले. जेवणं झाल्यावर काकांनी मोबाईल पुढे केला. माझ्या नावानं फार्मसीचं अलॉटमेंट लेटर आलं होतं, नाशिककडच्या एका खाजगी कॉलेजचं. सीईटी मी नीटबरोबर दिली होती आणि विसरूनही गेले होते. पुढचे सगळे फॉर्म काकांनी माझ्या कागदपत्रांवरून परस्पर भरले होते.

"मला न विचारता?" मी म्हटलं.

"विचारायचं काय त्यात?" काका म्हणाले. "दुकानाचं लायसन्स दुसऱ्याच्या नावावर चालतंय. किती दिवस त्याच्या मिनतवाऱ्या करायच्या? घरात फार्मसिस्ट पाहिजे. तुझा भाऊ दहावीतच बसला. राहिलीस तू."

मी वडिलांकडे पाहिलं. ते बैलांच्या शिंगांचा रंग बोटांवरून खरवडत होते. म्हणाले, "बठ्ठं ठरी गयं आते, बेटा. काकानं चांगल्यासाठीच केलं." आईनं ताटं उचलली.

मी भांडले का? नाही. रडले, एक दिवस जेवले नाही, आणि मग तयार झाले. खरं सांगायचं तर फार्मसी म्हटल्यावर गावातल्या मैत्रिणींचे चेहरे बदलले, ते मला आवडलं होतं. बॉटनी म्हटल्यावर कोणाचाच बदलला नव्हता. हे मी काकांवर ढकलू शकत नाही.

प्रवेश रद्द करायला काकांबरोबर धुळ्याला गेले. क्लार्कनं अर्ज वाचला आणि म्हणाला, "तुमच्या मॅडमना भेटून जा. तुकडीचा प्रश्न आहे, यादी अजून विद्यापीठाकडे गेलेली नाही." काका म्हणाले, "बस चुकेल." बस तासाभरानं होती. मला ते माहीत होतं. मी गेले नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. "आज आली नाहीस? उद्या येशील ना?"

"ताप आहे गं," मी म्हटलं. "दोन दिवसांत येते."

त्यानंतर तिचे फोन मी उचलले नाहीत.

आता मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथंही वनस्पती आहेत, पण वाळवून पूड करून आलेल्या. पूड ओळखायची आणि तिच्यातला घटक लिहायचा. मार्क बरे पडतात. काका गिऱ्हाइकांना सांगतात, "अजून दोन वर्षं, मग लायसन्स घरचं."

मागच्या दिवाळीत आत्याकडे गेले होते, तेव्हा एकदाची कॉलेजात गेले. मॅडम स्टाफरूममध्ये पर्यावरणाचे पेपर तपासत होत्या. पदवीला बॉटनीची तुकडी नसल्यानं आता त्या सगळ्या शाखांना तो सक्तीचा विषय शिकवतात. मला त्यांनी लगेच ओळखलं. बस म्हणाल्या.

मी माफी मागितली. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही. "तू गेलीस त्याचं नाही. घरचे ऐकत नाहीत, हे मी वीस वर्षं बघतेय. पण सांगून गेली असतीस तर मी एखादा मुलगा शोधला असता. चार दिवस होते माझ्याकडे."

"बाकीच्यांचं काय झालं?"

"जागा होत्या तिकडे वाटले. तिच्या वाट्याला फिजिक्स आलं. बारावीला तिला गणित नव्हतं. एक सेमिस्टर बसली, मग वडील दाखला न्यायला आले. त्यांनी तुझी चौकशी केली. ती चोपड्यानी पोर कोठे शे, म्हणाले. मी सांगितलं, मला माहीत नाही."

ती साक्रीत एका दवाखान्यात मदतनीस आहे, हेही त्यांनीच सांगितलं. नर्स बोलावतील तिथं जायचं, पेशंटच्या चादरी बदलायच्या. मी न मागता त्यांनी तिचा नंबर लिहून दिला आणि पुढचा पेपर ओढला.

धुळ्याच्या स्टँडवर बसून मी फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. मी कोण ते सांगितलं. पलीकडे कोणीतरी खाट ओढत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"बोल," ती म्हणाली.

मी मनात जुळवलेलं सगळं बोलून गेले. काका, लायसन्स, तापाचं खोटं, सगळं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "काही काम होतं का?"

"नाही. हेच सांगायचं होतं."

"बरं," ती म्हणाली. "माझी ड्युटी चालू आहे."

तिनं फोन ठेवला. चोपड्याची बस लागली होती, लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते. मी उभ्यानंच गेले.