आक्काच्या शेडमधले पंखे

छोट्या कारखानदारांना सल्ला देणं हे माझं काम. नवं काय बनवावं, ते कुणाला विकावं, कुठला बाजार सोडावा, असं मी लोकांना सांगते. भाषण करायला बोलावलं की मी ठासून सांगायचे, नवं काही सुचायचं असेल तर ऑफिसात बसू नका, एसटीत बसा. लोक टाळ्या वाजवायचे. पण कुणी खरंच माझं ऐकून मशीन बनवायला घेतलं की मला धडकी भरायची. सांगणारी मी असते, घर त्यांचं पणाला लागलेलं असतं.

त्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक कूलर बनवणारे गृहस्थ आले. मुकुंदवाडीजवळ त्यांचं वर्कशॉप होतं. पैठण रस्त्यावरच्या शेतकरी घरातला माणूस. पत्रा कापण्यापासून पंखा बसवण्यापर्यंत सगळं स्वतः शिकलेला. घरोघर एसी लागायला लागले होते आणि यांचे कूलर गोदामात पडून होते.

"ताई, आता काय करावं ते तुम्हीच सांगा," ते म्हणाले. मला काही सुचत नव्हतं. विचार करून सांगते, असं म्हणून मी त्यांना पाठवलं.

पुढच्याच आठवड्यात मी पैठणला गेले होते. परत येताना एसटी बिडकीनच्या अलीकडे बंद पडली. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. रस्त्याकडेला कोंबड्यांची एक लांबलचक शेड होती, तिच्या सावलीला आम्ही प्रवासी उभे राहिलो. जाळीतून आत पाहिलं तर सगळ्या कोंबड्या चोची वासून, पंख पसरून धापा टाकत होत्या. एक बाई ओली पोती जाळीवर टाकत पळत होती. एका टोकाला टाकून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं पोतं वाळून कडक होत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कूलरवाल्यांना विचारलं, "भाऊ, माणसांचं राहू द्या. कोंबड्यांसाठी कूलर बनवाल का?"

ते आधी हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "माझ्या आक्काची शेड हाय की! दर उन्हाळ्यात लई पक्षी मरतेत तिचे."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर शेडवरच तिनं संसार रेटला होता. भावानं शेडच्या एका टोकाला पाणी झिरपणाऱ्या जाड ताट्या लावल्या, दुसऱ्या टोकाला हवा बाहेर ओढणारे मोठे पंखे. दोन्ही बाजूंच्या जाळ्यांवर ताडपत्रीचे पडदे वर ओढून दोऱ्यांनी घट्ट बांधले, म्हणजे सगळी हवा ओल्या ताट्यांतूनच आत यावी. वीज गेली तर म्हणून जनरेटरही आणून ठेवला.

पहिले काही दिवस आनंदाचे गेले. आक्कानं मला फोन करून सांगितलं, "लई गप हायेत बघा पाखरं. खात्यात बी चांगली. या एकदा बघाय."

मी गेले, भाऊही आले होते. दुपारची वेळ होती. बाहेर जाळ होता आणि शेडमध्ये पाय टाकताच गार वारा लागला. पांढऱ्या कोंबड्या निवांत दाणे टिपत होत्या. मी मनातल्या मनात पुढच्या भाषणाची वाक्यं जुळवत होते. तेवढ्यात वीज गेली.

पंखे फिरत फिरत थांबले. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. भाऊ जनरेटरकडे धावले. तो दोनदा खोकला आणि गप्प झाला. त्यांनी त्याची दोरी पुन्हा ओढली, पुन्हा ओढली. आत हवा हलेनाशी झाली होती. अंगावरच्या घामासकट कुणीतरी पोत्यात बांधावं तसं वाटत होतं. कोंबड्या ताट्यांच्या बाजूला सरकायला लागल्या, मग एकमेकींवर चढायला लागल्या.

"पडदे सोडा! आधी पडदे सोडा!" आक्का ओरडली आणि विळा घेऊन धावली.

पडदा प्रत्येक खांबाला वेगळा बांधलेला होता. मी एका गाठीला भिडले. गाठ सुटेना. दातांनी सोडायला गेले. पाठीमागं पंखांची फडफड वाढत होती आणि वळून बघायचं धाडस मला होत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की ही कल्पना माझी आहे आणि ती या बाईचं सगळं घेऊन जाणार. शेवटी आक्का विळ्यानं सपासप दोऱ्या कापत माझ्यापर्यंत आली. पडदा खाली पडला. बाहेरची गरम झळ आत आली, पण हवा आली.

बऱ्याचशा वाचल्या. कोपऱ्यात दबलेल्या मेल्या. आक्का त्या उचलून बाहेर नेऊन ठेवत होती. ती आम्हाला एक शब्दही वाईट बोलली नाही. काम उरकल्यावर पदरानं तोंड पुसून तिनं भावाला विचारलं, "आज आपण तिघं हुतो. म्या बाजाराला गेल्याली असते, तर?"

भाऊ म्हणाले, "पंखे काढून नेतो, आक्का."

"नगं काढू. पण मला याचं उत्तर दे."

त्यानंतर फोन वाजला की मी दचकायचे. झोपेत ती फडफड ऐकू यायची. उन्हाळा संपायचा होता, वीज रोज जात होती आणि आक्का शेड सोडून हलत नव्हती. पाहुण्यांकडचं लग्नही तिनं चुकवलं.

अशातच मला दुसऱ्या शहरात भाषणाला जावं लागलं. विषय, नव्या कल्पना कशा सुचतात! जाऊ नये असं वाटत होतं, पण शब्द दिलेला. हॉटेलच्या पॅसेजमधून सभागृहाकडे निघाले आणि दिवे गेले. लगेच पाठीमागं धाडकन आवाज झाला. मी किंचाळले. भिंतीला टेकून उभी राहिले.

पॅसेजमधलं जड दार आपोआप बंद झालं होतं. हॉटेलचा माणूस धावत आला. "घाबरू नका मॅडम, आग पसरू नये म्हणून तशी सोय आहे. दार विजेच्या चुंबकानं धरलेलं असतं. वीज गेली की चुंबक सोडतं."

मी तिथूनच भाऊंना फोन लावला. "भाऊ, पडद्याच्या सगळ्या दोऱ्या एकाच दोरीला जोडता येतील का? आणि ती दोरी चुंबकानं धरायची!"

ते म्हणाले, "म्हंजे वीज गेली की पडदा सोत्ताच पडंल. व्हय ताई. जमतंय."

त्यांनी ते बनवलं. तपासायच्या दिवशी आक्का म्हणाली, "विजेचं बटण तुमीच पाडा, ताई." डोळे मिटून मी बटण पाडलं. एका बाजूचा पडदा सरसर खाली आला, दुसरा अर्ध्यावर अडकला. आक्कानं बांबूनं तो खाली ढकलला आणि भाऊंनी त्याच्या कडेला वाळू भरलेला पाइप वजनाला बांधला. मग त्यांनी पडदे पुन्हा पुन्हा पाडून पाहिले. मी मात्र बाहेर जाऊन उभी राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी गुलमंडीत कापड घेत होते. भाऊंचा फोन आला. त्यांना बोलताच येत नव्हतं आणि मला वाटलं, संपलं. मी दुकानाच्या पायरीवर बसले.

"आक्का बाजाराला गेली हुती," ते कसेबसे म्हणाले. "मागं वीज गेली. परत आली तर पडदे खाली पडलेले. एक पाखरू मेलं नाय, ताई."