चौथीच्या वर्गातला संशोधक

कसं सांगू, आणि कुठून सुरू करू? पण चहा ओतलाच आहे तर ऐका. शाळेवर संशोधन करायला गेलेला माणूस चौथीत जाऊन बसला, असं कधी ऐकलंय? तो माणूस तुमच्यासमोर बसलाय!

तेलंगणात एका आदिलाबादचे चार जिल्हे झाले, त्या वर्षाची गोष्ट. आमचं इचोडा जुन्या जिल्ह्यात राहिलं, वांकिडी नव्यात गेलं. मी एम.एड. करत होतो. विषय घेतला होता, सीमेवरच्या मराठी शाळेतली मुलं वर्गात कशी वागतात. मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं, "निरीक्षणाला गेलात की हेतू सांगायचा नाही. सांगितलात की माणसं वेगळीच वागायला लागतात!"

आता माझा देह तुम्ही बघताच आहात. मिशी फुटली नाही, उंची बेताची. कॉलेजचा शिपाईसुद्धा मला "ए बाळा, सरक" म्हणायचा! म्हणून वजन पडावं यासाठी भाऊजींचा काळा गॉगल लावला, त्यांचीच जीप घेतली आणि वांकिडीपलीकडच्या एका गावात शाळेसमोर उतरलो.

मास्तर धावत आले. "सायेब, काऊन येनं केलं?"

"काही नाही, सहज बघायला आलोय. तुमचं चालू द्या."

झालं! मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. गावात हूल उठली होती, की नव्या जिल्ह्यात कमी पोरांच्या शाळा बंद करून दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळणार. चिमुकली पोरं रोज उन्हातान्हात दुसऱ्या गावाला चालत जाणार कशी? सगळ्यांच्या जिवाला घोर होता. आणि तपासणीचे साहेब म्हणे न सांगता येणार, "सहज आलोय" म्हणणार. मला यातलं काय ठाऊक?

सरपंचकाकूंनी मला घरी नेलं. चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा. वाटेत लग्नाचा मांडव दिसला, पण माझं सगळं लक्ष संशोधनावर! अखेर शाळेत परतलो, तर वर्ग खचाखच भरलेला. मुली रेशमी परकरात, हातावर मेंदी. मागच्या रांगेत चक्क मिशीवाले! मी हरखलो. शाळा सोडलेली मुलं परत आली की काय? मॅडम किती खूश होतील!

मागे एक जण गालाला हळद लावून सारखा घड्याळ बघत होता. मी प्रेमानं विचारलं, "शिकावंसं वाटतं ना, बाळ?"

"आज नाई वाटून राह्यलं, सायेब."

मी हलायचं नाव घेईना. निरीक्षणात घाई करायची नाही! मास्तर तीच कविता पुन्हा पुन्हा शिकवत होते, घाम पुसत होते. बाहेर बँडवाले सूर लावून थकले. शेवटी फेटेवाले एक आजोबा दारात आले आणि त्यांनी हात जोडले.

"सायेब, तुमचं बघून झालं असन तं आमचा नवरदेव सोडा ना! मुहूर्त टळून राह्यला बाप्पा!"

मी गॉगल काढला. साहेब नाही, साधा विद्यार्थी आहे, म्हणून सांगून टाकलं. नवरदेव खिडकीतून उडी मारून पळाला, त्याच्यामागे सगळं वऱ्हाड. आता मार खातो बहुतेक!

सरपंचकाकू मला खालून वर बघत होत्या. "म्हंजे तुमी अजून शिकूनच राह्यले?"

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. ऑफिसातल्या ओळखीच्यानं खबर दिली, खरे साहेब उद्या येणार होते! आणि पट भरलेला दिसावा म्हणून वर्गात बसवलेली पाहुण्यांची पोरं तर जेवून आजच निघणार. काकूंचा चेहरा हळूहळू खुलायला लागला.

"मंग उद्या बसा की वर्गात. मिशीबी नाई तुमाले."

बसलो! तुम्ही नाही म्हणाला असतात, लग्नाचं एवढं जेवण जेवल्यावर? काकूंच्या पुतण्याचा गणवेश मला अगदी नीट बसला, हे दुःख वेगळंच.

साहेब आले. तेलुगू माणूस, मराठी जपून बोलणारा. वर्गातल्या पोरांतून त्यांनी बोट नेमकं माझ्याकडे केलं. "तू. ऊठ. तेरा साती किती?"

तेरा साती! कॅल्क्युलेटर हातात आल्यापासून पाढ्यांशी माझं बोलणं बंद होतं. शेजारची सुमी नावाची चिमुरडी तोंड दाबून हसत होती.

"एक्क्याऐंशी, सर?"

वर्गात हशा पिकला! साहेबांनी कपाळाला हात लावला. मास्तरांना म्हणाले, "घराजवळ शाळा असून याचं असं. लांब पाठवलं तर याचं काय होणार? नको. शाळा इथेच राहू दे."

अहो, सरपंचकाकू रडल्या! गावानं मला पुन्हा जेवायला घातलं. मॅडमना सगळं सांगितलं, तर त्या हसून हसून बेजार. "याला सहभागी निरीक्षण म्हणतात! पण निरीक्षण केलंत कुणाचं?"

"माझंच झालं, मॅडम."

आता मी डी.एड.च्या मुलांना संशोधन पद्धती शिकवतो. परवा नवा वर्ग आला. मी गॉगल खिशात ठेवून गंभीर आवाजात म्हणालो, "निरीक्षक कधीही ओळखू येता कामा नये. काही शंका?"

दुसऱ्या रांगेत एका मुलीनं हात वर केला. तोंड दाबून हसत होती. ते हसणं मी कुठेही ओळखलं असतं.

"सर, तेरा साती किती?"

मी फळ्याकडे तोंड वळवलं आणि गुपचूप बोटांवर मोजायला लागलो.