सुधाकरचा कोरियन सूर

सुधाकर रामटेके गेल्याचा फोन आला, तेव्हा मी वडशाला आमच्या नाटक कंपनीत ऑर्गनचा फाटलेला भाता शिवत होतो. आधी रडू आलं नाही, संताप आला. त्याच्यावरच. छातीत दुखतं हे घरीसुद्धा न सांगता हा माणूस रोज सकाळी मूल गावच्या तळ्यावर क्लॅरिओनेट फुंकत बसायचा... आता महिना उलटला. राग उतरलेला नाही, फक्त आता तो दुसऱ्यांवर आहे.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत आम्ही बरीच वर्षं शेजारी बसून वाजवलं; मी ऑर्गन, तो क्लॅरिओनेट. एरवी तो शाळेत गणित शिकवायचा. मध्यंतरी त्याने मोबाईलवर एका आधुनिक कोरियन संगीतकाराची क्लॅरिओनेटची रचना ऐकली आणि झपाटला. छापील स्वरलिपी मागवली, एकेका खुणेचा अर्थ शोधत बसला, परदेशी वादकांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारत राहिला. "भाऊ, या कोरियन लोकायचा सूर सरळ उभा नाई राहत," तो सांगायचा. "उगवते, थरथरते, वाकते, मंग मावळते. आपल्या रडायच्या सीनसारखाच हाय ना?"

रडायच्या सीनची आमच्याकडे एक रीत आहे. नटी रडायला लागली की क्लॅरिओनेटवाला सूर धरतो, आणि सूर थांबला की तिने पुढचं वाक्य घ्यायचं. एकदा भर नाटकात याने भान हरपून तो कोरियन सूर लावला. तो काही संपेना! नटी बिचारी रडतेय, रडतेय. सासऱ्याचं काम करणारा नट काठी टेकून ताटकळलेला. समोर बायाही हुंदके द्यायला लागल्या. पडदा पडल्यावर नटी तावातावाने आली. "मास्तर, मारता का मले आज? डोळ्यातलं पानी सरलं माह्यं!" सुधाकर मात्र खूश. "पाह्यलं भाऊ? आपल्या लोकायले समजते."

ती रचना लोकांसमोर एकदा अथपासून इतिपर्यंत वाजवायची, एवढीच त्याची इच्छा होती. नागपूरच्या एका संस्थेने कार्यक्रम ठरवलाही. मग अध्यक्षांचा निरोप आला: कोरियन वगैरे राहू द्या, ते आमच्याकडचे लोक वाजवतील, तुम्ही आपली झाडीपट्टीची पदं वाजवा, आणि फेटा बांधून या. फेटा! स्वतःच्या लग्नात ज्याने बांधला नाही, त्याने यांच्या हौसेसाठी बांधायचा? धानाच्या मुलखातल्या माणसाने जगाचं संगीत वाजवू नये, हे ठरवणारे हे कोण? जग काय यांच्या बापाचं आहे? सुधाकरने नकार कळवला आणि रियाज वाढवला. "आपन वडशातच वाजवू, नाटकाच्या आंधी," म्हणाला. कंपनीच्या मालकाने हो म्हटलं होतं. हिवाळ्यातल्या नाटकांच्या हंगामाची वाट पाहत होतो आम्ही... तो त्याआधीच गेला.

आणि आता त्याच संस्थेने श्रद्धांजलीची सभा ठेवली आहे. पत्रिकेवर छापलंय, 'कोरियन संगीताचे थोर अभ्यासक'. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

परवा अध्यक्ष स्वतः मूलला सुधाकरच्या घरी आले. मी तिथेच बसलो होतो. सभेत फोटोशेजारी हार घालून ठेवायला त्यांना सुधाकरची क्लॅरिओनेट हवी होती. त्याची बायको, सुमनबाई, आत गेल्या आणि वाद्याची काळी पेटी आणून त्यांच्या हातात दिली. ती हलकी लागताच ते गडबडले, उघडून पाहिली.

"वहिनी, ही तर रिकामी आहे."

"तेच न्या," सुमनबाई म्हणाल्या. "आवाज तुमाले तसाही नाई पायजे होता."

अध्यक्ष पेटी तिथेच ठेवून निघून गेले. मी पाणी प्यायला आत गेलो. तळ्याकडच्या खिडकीत क्लॅरिओनेट होती, जोडलेली, पुसलेली. शेजारी पाण्याची वाटी आणि तिच्यात फुंकायची पातळ रीड. ती भिजल्याशिवाय वाद्य नीट बोलत नाही, म्हणून सुधाकर उठायच्या आधी सुमनबाई ती भिजत घालून ठेवायच्या. अजूनही घालतात.