झुळूकच्या हातातला दोर

आमच्या नाट्यगृहात मी कपडेपट सांभाळायचे, आणि छातीठोक सांगते, त्या इमारतीत झुळूकइतका एकटा माणूस दुसरा नव्हता. झुळूक हे काही त्याचं खरं नाव नव्हे. मुलांसाठीचा आमचा एक खेळ वर्षानुवर्षं चालला. त्यात झंझावात नावाचा सुपरहिरो होता आणि हा त्याचा साथीदार, झुळूक. हिरोला लाल झगा, भरलेली छाती, उघडा चेहरा. याला राखाडी कपडे आणि नाकाच्या शेंड्यापर्यंत मुखवटा. खेळाबाहेरही सगळे त्याला झुळूकच म्हणायचे.

खेळाआधी सगळे जेवायला बसत. खलनायकाची टोळी एका टेबलावर, नुसता दंगा. झुळूक तिकडे गेला की म्हणायचे, "तू तिकडचा रे बाबा, हिरोचा माणूस!" तिकडे म्हणजे हिरोच्या खोलीत, तर तिथं पाहुणे, पत्रकार, दार बंद. मग हा आपला डबा घेऊन माझ्याकडे यायचा आणि बटणांच्या बरण्या सरकवून जेवायचा. एकदा म्हणाला, "ताई, खलनायकाला लोक निदान शिव्या तरी देतात. माझ्या वाट्याला तेवढंही नाही." मी हसले. तो हसला नाही, तेव्हा माझंही हसू विरलं.

खेळ संपला की झंझावातासोबत फोटो काढायला मुलांची ही रांग लागायची. आईबाप बिनदिक्कत कॅमेरा झुळूकच्या हातात द्यायचे. "काका, जरा आम्हा सगळ्यांना घ्या हं." तो सगळ्यांना घ्यायचा. स्वतः मात्र एकाही फोटोत नाही.

आणि गंमत बघा, झंझावात उडायचा तो याच्या जिवावर. शेवटच्या प्रवेशात खलनायक झुळूकला बांधून आत फरफटत न्यायचा. विंगेत गेला की हा दोऱ्या झटकून उठायचा आणि धावत जाऊन मोठा दोर पकडायचा. त्या दोराच्या एका टोकाला झग्याखाली लपवलेला हिरोचा पट्टा, दुसऱ्या टोकाला वाळूच्या पिशव्या. उडी घेण्याआधी हिरो ओठ न हलवता विचारायचा, "आहेस ना?" हा दोराला दोन हिसके द्यायचा, म्हणजे आहे. मग तो माणूस डोळे मिटून हवेत झेपावायचा. बाहेर पोरं टाळ्या पिटून छप्पर डोक्यावर घ्यायची, आणि आत याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या असायच्या.

पिशव्यांतली वाळू रोज हाच ठरवायचा. वजनकाटा नाही, काही नाही. दोराला जरा ताण देऊन म्हणायचा, "काल कुठं ताव मारून आलात साहेब?" आणि मूठभर वाळू वाढवायचा. हिरोला सर्दी झाली, त्याचं घरात भांडण झालं, जेवण कमी झालं, सगळं याच्या तळव्यांना आधी कळायचं. हिरोच्या बायकोला नसेल कळत तेवढं.

पुढं खेळ बंद पडला. हिरोचे सत्कार झाले, मुलाखती झाल्या. झुळूक एका गोदामात पोती उचलायला लागला. मग हिरो आजारी पडल्याचं कानावर आलं, तसा हा दवाखान्यात गेला. हिरोचा मुलगा दारात उभा होता. "फक्त जवळच्या माणसांना सोडतोय, काका." त्या मुलानं याला लहानपणापासून पाहिलं होतं, पण मुखवट्यात. त्यानं येऊन हे सांगितलं तशी मी फणकारले, "अरे, नाव नाही सांगितलंस?" तर म्हणतो, "कुठलं नाव सांगू, ताई?" पुन्हा गेला, पुन्हा परत आला.

हिरो गेल्याचं कळलं त्या सकाळी तो माझ्या दारात आला. डोळे कोरडे. "ताई, मला त्याला एकदा उचलायचंय. शेवटचं. बाकी काही नको." मी पायात चप्पल सरकवली आणि त्याच्याबरोबर निघाले.

घर तिसऱ्या मजल्यावर, जिना चिंचोळा. खाली गाडी उभी होती. मुलगा स्ट्रेचर उचलायला एकेकाला पुढं बोलावत होता. कुणी मोठा नट, कुणी संस्थेचे अध्यक्ष. झुळूक पुढं सरकला तर मुलगा त्याच्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "काका, तुम्ही मागे थांबा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तोच यानं माझा हात दाबला. "राहू दे, ताई. आज नको."

दोन जिने कसेबसे उतरले. शेवटच्या वळणावर अध्यक्षांचा पाय सटकला. स्ट्रेचर एका बाजूला कलंडलं, बायका किंचाळल्या, मुलगा "धरा, धरा!" करत राहिला. झुळूक लोकांमधून कसा शिरला ते मला दिसलंसुद्धा नाही. दिसलं ते एवढंच की स्ट्रेचर सरळ झालं होतं आणि खालच्या बाजूला हा होता. "सोडा," तो अध्यक्षांना म्हणाला. मग मान खाली घालून पुटपुटला, "आहे. मी आहे."

गाडीपर्यंत त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. दार लागलं. मुलगा त्याच्यापाशी येऊन उभा राहिला, ओशाळलेला. "तुम्ही बाबांचे कोण?"

झुळूकनं त्याच्याकडे बघितलंच नाही. तो आपल्या उघड्या तळव्यांकडे बघत होता, आणि आता कुठं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं.

"ताई," तो मला म्हणाला, "किती हलका झाला होता गं तो! आणि मला कुणी सांगितलंच नाही."