सुईबाईंचा वसा

गरमी आणि परमा ही गुप्तरोगांची दोन नावं आमच्या जव्हारात पुरुष कानात बोलत आणि बायका बोलतच नसत. सुईबाई ती मीठ-मिरची मागावी तशा आवाजात बोलत. एकदा भर बाजारात, कापडाच्या दुकानासमोर त्यांनी मला विचारलं, "परम्याच्या औषधाची पेटी नाशकाहून आली का गं?" दुकानदाराचा गज हातातच राहिला. मी त्यांच्या छत्रीआड गेले. पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "लाजतेस काय? रोगाचं नाव मोठ्यानं घ्यावं. रोग्याचं मात्र देवासमोरसुद्धा घेऊ नये." हे दुसरं त्या अगदी कसोशीने पाळत. म्हणून खाली जिला मी मैना म्हटलं आहे, तिचंही खरं नाव वेगळं आहे.

त्या संस्थानच्या दवाखान्यात नर्स होत्या. सुई टोचायचे डॉक्टर, पण नाव पडलं बाईंचं, कारण टोचून घ्यायला बायकांना घेऊन यायच्या त्या. बाजारामागे, गाडीतळाला लागून एक गल्ली होती. घाटावरचे गाडीवान लाकूड न्यायला येत आणि तिथे मुक्काम करत. गल्लीतल्या बायकांचं पोट त्यांच्यावर चाले. मी नाशकाला मिशनच्या शाळेत इंग्रजीतून शिकून नुकती परतले होते. औषधांच्या बाटल्यांवरचं वाचायला कुणीतरी हवं होतं, म्हणून कचेरीत कारकून असलेल्या वडिलांनी मला दवाखान्यात पाठवलं. शाळेत आम्हाला बेडकाचं शरीर शिकवलं होतं, बाईचं नाही. सुईबाई बोलत त्यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत असे, आणि काहीच ऐकलं नाही असा चेहरा करून उभी राहत असे.

गल्लीत गेल्यावर त्या कुणाच्या तरी ओट्यावर बसकण मारत आणि पानाचा डबा उघडत. डॉक्टर एकदा तिथे जाऊन उभ्याउभ्याच संसर्गाबद्दल नीट समजावून आले होते. बायकांनी माना डोलावल्या आणि आत गेल्या, त्या गेल्याच. सुईबाई विडे लावत. "तुला चुना कमी ना गं? आणि तुला बडीशेप?" त्या बायकांचा जन्म दुसऱ्यांना विडे करून देण्यात चाललेला. आपल्याला कुणी विडा लावून देतं याचंच त्यांना नवल. शिवाय तोंडात विडा गेला की थोडा वेळ कुणाला बोलता येत नसे. तेवढ्यात सुईबाई आपली कहाणी सुरू करत.

"आटपाट नगर होतं. तिथं एक गाडीवान होता. त्याच्या गाडीत तांदूळ होता, बोटात चांदीची अंगठी होती आणि अंगात गरमी होती. तांदूळ दिसे, अंगठी दिसे, गरमी काही दिसेना."

"मग वो, मावशी?"

"मग काय! बायांनी अंगठीच बघितली."

हसून हसून एकीला ठसका लागे. त्या हसण्यातच पुढचं सगळं येई. दिवा जवळ ओढा, आधी माणूस बघा, फोड-चट्टा दिसला तर नको म्हणा. लघवीला जळजळ झाली तर लपवू नका. वैदूकडून पाऱ्याची धुरी घेऊ नका, "धुरीनं दात पडतात, रोग तिथंच राहतो."

खरी अडचण पुढे होती. गरमीची सुई आठवड्याला एक, अशी महिनोन् महिने घ्यावी लागे, आणि तोवर पुरुषाला दूर ठेवायचं. घर चालवणारी अक्का म्हणे, "डाक्तर काय माझी चूल पेटवनार?" पण सुईबाईंनी एक गोष्ट हेरली होती. मंगळवार देवीचा म्हणून त्या दिवशी गल्लीत कुणालाच घेत नसत, आणि "आज माझा वार हाये" म्हणणाऱ्या बाईशी कुठलाही गाडीवान हुज्जत घालत नसे. सुईबाईंनी मग सुईचाच वसा काढला. सुई चालू तोवर वसा, वसा चालू तोवर दार बंद. "उतायचं नाही, मातायचं नाही, घेतला वसा टाकायचा नाही." डॉक्टरांना न जुमानणारी अक्का वशापुढे गप्प झाली. वसा घेतलेल्या बाईला ती धंद्यातून काढून चुलीपाशी, स्वयंपाकाला बसवू लागली.

अक्काच्याच घरातल्या मैनेला याआधी दोन मुलं झाली होती, दोन्ही मेलेलीच जन्मली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती आपण होऊन आली. म्हणाली, "मावशी, एवढं पोर तरी रडू द्या." तिची सुई सुरू झाली.

थोड्याच आठवड्यांनी ती सकाळी नवं लुगडं नेसून, नारळ-साखर घेऊन दवाखान्यात हजर. सुईबाईंनी मूठभर साखर तोंडात टाकली आणि विचारलं, "कशाबद्दल गं?"

"उद्यापन केलं ना! चट्टे समदे गेले. पाच जनींना जेवायला घातलं."

सुईबाई खो खो हसल्या. "अगं, वसा दिला तर उद्यापन येणारच, हे मला कसं नाही सुचलं!" मग हसणं थांबलं. उरलेली साखर त्यांनी मेजावर ठेवली. चट्टे गेले तरी रोग रक्तात असतो, आणि पोटातलं मूल त्याच रक्तावर वाढतं. वसा संपला म्हणजे दारही उघडणार होतं.

देवी कोपेल असं सांगितलं तर ऐकेल, असं मी हळूच सुचवलं. बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "देवीला माझ्या कामात शिपाई नाही करायचं." मैनेला त्यांनी समोर बसवलं. "नाचणीतलं तण वरून कापलं तर शेत कसं दिसतं?"

"साफ."

"आणि पाऊस पडला की?"

मैनेचा हात पोटावर गेला. "सुई घेते मी, मावशी. पन अक्का नाही ऐकायची."

अक्का खरंच ऐकेना. मोखाड्याचा बोहाडा तोंडावर आला होता. देवांची सोंगं आणि मुखवटे बघायला घाटावरून गाड्यांमागून गाड्या येत आणि तशाच पुढे जव्हारला मुक्कामाला येत. "अवो बाई, उद्यापन झालं म्हंजे झालं. सुगीच्या टायमाला बैल दावणीला बांधू का?"

"बरं," एवढंच सुईबाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी दवाखान्यातलं पांढरं लुगडं नेसून त्या अक्काच्या दारात बसल्या. शेजारी औषधांची पेटी, आणि पदर नाकापर्यंत ओढलेली मी. पहिला गाडीवान आला.

"या दादा, बसा. आधी जीभ दाखवा बघू."

दादा आल्या पावली परत. दुसऱ्याला त्यांनी आटपाट नगर ऐकवलं. तो अंगठी मुठीत लपवूनच गेला. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. शेवटी अक्का बाहेर येऊन कपाळावर हात मारून ओरडली, "उठा वो बाई! माझं दुकान बसवलं तुमी!"

"मी काही म्हणते का? विडा खाते नि बसते."

"बाळंत होईस्तवर मैना चुलीम्होरं बसंल, मंग तर झालं? पन तुमी आधी उठा!"

"सुईला पाठवशील?"

"मी सोता घेऊन येते, माझे माये!"

आणि ती खरंच दर मंगळवारी मैनेला घेऊन आली. वाटेत कुरकुरत, पण आली.

भातलावणी आटोपली तेव्हा मैना बाळंत झाली. मी दाराबाहेर गरम पाणी घेऊन उभी होते. आत काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग ते रडलं. बारीक नव्हे, चांगलं तारस्वरात. मी पाणी घेऊन आत शिरले. एकीने त्याला उगी उगी म्हटलं, तर अक्का तिच्या अंगावर धावली. "गप करू नगंस त्याला! रडू दे!" सुईबाई मात्र तोंडातला विडा चावायचं विसरून, भिंतीला टेकून नुसत्या ऐकत बसल्या.

दिवाळीनंतर गुडघ्यांनी जाब विचारायला सुरुवात केली, म्हणून सुईबाई नोकरी सोडून भावाकडे पनवेलला निघाल्या. गाडीतळावरून त्यांची बैलगाडी निघायच्या वेळी गल्लीतल्या बायका आल्या होत्या, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. मैनेने पोर त्यांच्या मांडीवर ठेवलं. "मावशी, आशीर्वाद द्या."

आशीर्वाद राहिला बाजूला. बाईंनी आधी त्याच्या मुठी उघडून तळहात पाहिले, मग पाय उचलून तळवे. आईकडून हा रोग आला तर लहान मुलाच्या तळव्यांची सालं निघतात, हे त्यांनी मला शिकवलं होतं. पाहून झाल्यावर त्यांनी पोर माझ्याकडे दिलं.

"तूही बघ. उद्यापासून तुलाच बघायचंय."

एवढ्या माणसांत माझ्या हातात कधी कुणाचं मूल आलं नव्हतं. मी उजेडाकडे वळून त्याचे पाय नीट पाहिले. गुलाबी, मऊ होते, आणि कुठेही साल निघालेली नव्हती. मैना माझ्या तोंडाकडे बघत होती. अक्काही.

"साफ आहेत," मी म्हणाले. शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू गेलं असावं.